किडनीचा आठवडा

तीन विषय एकत्र शिकवायची टूम माझी. एका अवयवाला एक आठवडा. अ‍ॅनाटॉमीने त्याची रचना सांगायची, फिजिऑलॉजीने त्याचं काम, बायोकेमिस्ट्रीने त्यातली रसायनं, आणि एकाने शिकवलेलं दुसऱ्याने पुन्हा शिकवायचं नाही. हा शेवटचा नियम घालून मी स्वतःवर फार खूश होते. निव्वळ गाढवपणा, दुसरं काय.

शुक्रवारी प्राचार्य वर्गात येऊन बसले. पोरांना प्रश्न विचारून हा उद्योग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते तिथेच ठरवणार होते. या उद्योगासाठी मी दोन वर्षं तिन्ही विभागप्रमुखांचे उंबरे झिजवले होते. ते तिघे मागे बसले होते, मध्ये एकेक खुर्ची सोडून.

प्राचार्यांनी पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला उठवलं. तिने किडनीचं वजन सांगितलं, रक्तवाहिन्या धडाधड म्हणून दाखवल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"छान. आता लघवी तयार कशी होते ते सांग."

"ते झालं नाही, सर."

"म्हणजे?"

"अ‍ॅनाटॉमीचे सर म्हणाले, ते फिजिऑलॉजीत येईल. फिजिऑलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, बायोकेमिस्ट्रीत झालं असेल. बायोकेमिस्ट्रीचे सर म्हणाले, इतकं साधं अ‍ॅनाटॉमीतच उरकलं असणार."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आख्ख्या वर्गाला लघवीचं फक्त येणं ठाऊक होतं.

प्राचार्य मागे वळले. "तुमच्यापैकी कुणी सांगता का?"

अ‍ॅनाटॉमीचे सर तणतणत फळ्यापाशी गेले आणि त्यांनी रक्तवाहिन्यांचा एक गुंता काढला.

"अहो, पण रक्ताचा दाब कुठे दाखवलात?" म्हणत फिजिऑलॉजीच्या मॅडमनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.

"आणि गाळलेलं मीठ परत कोण आणणार, तुमचे काका?" बायोकेमिस्ट्रीचे सर बाह्या सरसावत उठले.

पंचवीस मिनिटं एका फळ्यावर, एका खडूवर तिघे भांडले. एकाचं वाक्य दुसरा तोडत होता आणि तिसरा पुरं करत होता. पोरं माना खाली घालून भराभर लिहीत होती. तास संपला तरी कुणी उठलं नाही. माझे डोळे भरून आले, ते मी कुणाला दिसू दिले नाहीत.

"चालू ठेवा मॅडम," प्राचार्य म्हणाले. "फक्त तो नियम तेवढा काढून टाका."

चष्मेवालीने हात वर केला. "मॅडम, पुढच्या आठवड्यात लिव्हर आहे. तेव्हाही हे तिघे भांडतील ना?"