शेवटी लिहिलेला डॅश एन

कागद मॅनेजरनं आधीच टाइप करून ठेवला होता. बाबांनी फक्त सही करायची. 'माझ्या निष्काळजीपणामुळे कपाट क्रमांक सातमधील दोनशे चौदा नक्ष्या कायमच्या पुसल्या गेल्या. याची पूर्ण जबाबदारी माझी आहे.' बाबांनी तो कागद घडी घालून खिशातून घरी आणला होता, आणि सकाळी चहा पिताना तो कपाखाली ठेवला होता, बशीसारखा. दुपारी तीनला तो सहीसकट परत द्यायचा होता.

निवृत्तीला तीन महिने राहिलेले. छत्तीस वर्षं एकाच कापडगिरणीत, त्यातली वीस मागावर, उरलेली सोळा वर्षं नक्ष्यांच्या कोठीत कॉम्प्युटरपुढे. छत्तीस वर्षांत एक मेमो नाही, आणि आता जाता जाता हा डाग.

लेकीनं कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा राग तसाही प्रसिद्ध होता. गिरणीत तिला लहानपणापासून 'मिरची'च म्हणत. पण रागाला कुठं जायचं ते कळत नाही, तो जो समोर सापडेल त्याच्यावर जातो. समोर बाबा होते.

"बाबा, डॅश एन द्यायला विसरलात. सरळ सांगा ना."

"विसरलो नाही. लिहिला होता."

"लिहिला असता तर एक फाइलसुद्धा पुसली गेली नसती. तो प्रोग्राम मी लिहिलाय, बाबा. मला नका शिकवू."

"अगं, ऐक तरी. यादी आली, आणि खाली शेवटी एक ओळ आली होती, की डॅश एन..."

"यादी तर येणारच!"

"तसं नाही, त्या ओळीत असं होतं की..."

"बाबा, पुरे! चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं!"

"दोघांपैकी एकानं तरी ओरडायचं थांबवा," आई आतून म्हणाली, "दूध उतू जायला लागलंय, आणि मला इथून हलता येत नाही." कुणीच थांबलं नाही. दूध गेलं.

हे डॅश एनचं प्रकरण तसं साधं होतं. गिरणीत मागावर विणायची प्रत्येक नक्षी एका फाइलमध्ये असते, आणि फाइली कॉम्प्युटरवरच्या कपाटांत. कपाटं फार भरू नयेत म्हणून चौदा वर्षांपूर्वी, लेक गिरणीच्या ऑफिसात कामाला होती तेव्हा, तिनं सी भाषेत 'सफाई' नावाचा प्रोग्राम लिहिला. कपाटाचं नाव द्यायचं, की दहा वर्षांपेक्षा जुन्या नक्ष्या तो पुसून टाकी. पण सोबत डॅश एन लिहिला, की कशालाही हात न लावता काय पुसलं जाईल त्याची नुसती यादी दाखवी. बाबा दर शुक्रवारी ती यादी काढत, छापत आणि नक्षी विभागातल्या बाईंकडे नेत. ठेवायच्या नक्ष्यांवर बाई खूण करत. त्या वेगळ्या काढून ठेवल्यावरच खरी सफाई. गेली चौदा वर्षं हाच रिवाज होता.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरचं नवं मशीन आलं आणि जुनं भंगारात गेलं. मागच्या शुक्रवारी बाबांनी नेहमीसारखी यादी काढली. यादी नेहमीसारखी आली. खरी सफाई असो की नुसतं बघणं, यादी तश्शीच दिसते. बाईंनी एकूण एक नक्षीवर खूण केली. सोमवारी बाबा त्या वेगळ्या काढायला गेले तर कपाट मोकळं. कपाट सात म्हणजे गिरणीच्या दुसऱ्याच एका, जुन्या नक्षीकार बाईंचं सगळं काम. त्यांनी काम सोडलं त्याला दहा वर्षं झाली, आणि त्या वारल्या त्याला सहा. तोवर नव्या मशीनवाल्यानं शनिवार-रविवारी त्याच डिस्कवर चाचण्या घेऊन उरलंसुरलंही घालवलं होतं. दुसरी प्रत नव्हती, ती 'एक तारखेपासून' घ्यायची ठरली होती. बाबा स्वतःच्या पायांनी मॅनेजरकडे गेले आणि कपाट मोकळं झाल्याचं त्यांनीच सांगितलं. त्याचं बक्षीस म्हणजे हा कागद.

तिनं आपल्या ऑफिसात फोन करून रजा टाकली.

"तू कशाला येतेस?" बाबा चपला घालताना म्हणाले.

"तुम्ही सही करायला निघालात म्हणून."

वाटभर बाबा दोन पावलं पुढं चालले. एकदाही मागं वळले नाहीत.

कोठी होती तशीच होती. भिंतीपलीकडे माग चालू असल्यामुळे टेबलावरचा पाण्याचा ग्लास सतत थरथरत होता. खिडकीच्या जाळीवर कापसाचा फुफाटा बसलेला. लेक खुर्ची ओढून बसली आणि गेल्या आठवड्यात कोणकोणते हुकूम दिले गेले, ते मशीनवर उलटं वाचत गेली. बाबांची चूक डोळ्यांनी बघायची, मग मॅनेजरच्या हातापाया पडून कागदाची भाषा सौम्य करून घ्यायची, एवढाच तिचा बेत होता. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. ती ओळ तिथं होती.

सफाई कपाट७ -n

तिनं ती तीनदा वाचली. डॅश एन होता. शेवटी होता, पण होता.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होता. शेवटी एक ओळ आली म्हणून. काय होतं त्या ओळीत?"

"आता आठवण झाली होय विचारायची?" बाबांनी पिशवी खांद्यावर सारली. मग म्हणाले, "'-n: असं कपाट नाही.' मला वाटलं नवं मशीन आहे, कुरकुरतंय."

आणि तिला सगळं लख्ख दिसलं. सी भाषेतल्या प्रोग्रामला आपण लिहिलेली ओळ सुट्या शब्दांत मिळते. त्यातला हुकूम कुठला आणि सामान कुठलं, हे निवडायला मशीनबरोबर एक तयार फंक्शन येतं, लिहिणाऱ्यानं त्याला फक्त बोलवायचं. जुन्या मशीनवरचं फंक्शन सांभाळून घेणारं होतं. डॅशवाले शब्द ओळीत कुठंही असोत, ते हुडकून आधी हातात देई. नव्या मशीनवरचं कडक शिस्तीचं. पहिला साधा शब्द दिसला, की हुकूम संपले, पुढचं सगळं सामान. नव्यानं 'कपाट७' वाचलं आणि तिथंच ऐकायचं थांबवलं. कपाट सात साफ केलं, मग '-n' नावाचं दुसरं कपाट शोधलं, ते मिळालं नाही म्हणून तसं अदबीनं कळवलं.

नव्या मशीनवाल्यानं तिचा प्रोग्राम नव्या मशीनसाठी बांधून घेतला होता आणि चालू होतो एवढं बघून बिल लावलं होतं. तिनं त्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, त्यातल्या दोन तिला येतात हे आईला ठाऊक नव्हतं. मग तिला स्वतःचाही संताप आला. पुसू नकोस असं सांगण्यासाठी वेगळा शब्द आणि पुसण्यासाठी काहीच नाही, असलं उफराटं काम कुणी केलं होतं? तिनंच. तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि सगळं येतं असा माज होता.

"चला," ती म्हणाली. "सही करायची नाही. आता मॅनेजरलाच दाखवते."

मॅनेजर थंडगार केबिनमध्ये काचेच्या टेबलामागे बसला होता. तिनं त्याच्यादेखत, त्याच्याच पडद्यावर, दोन खोटी कपाटं बनवून टाकाऊ फाइलींनी भरली. पहिल्याला डॅश एन आधी लावला, यादी आली, फाइली शाबूत. दुसऱ्याला शेवटी लावला, तशीच यादी आली आणि कपाट रिकामं.

"बघितलंत? बाबांनी लिहिला होता. जुन्या मशीनवर हेच चौदा वर्षं चाललं. मशीन तुम्ही बदललंत, साहेब."

मॅनेजर काही मूर्ख नव्हता. त्यानं खणातून प्रोग्रामची माहितीपुस्तिका काढली आणि चौथं पान उघडून तिच्याकडे वळवलं. "आधी डॅश, मग कपाट. स्पष्ट छापलंय. म्हणजे विसरले नाहीत, चुकीच्या जागी लिहिलं. निष्काळजीपणाच की तो. का हो, शेवटी लिहा म्हणून कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "माझीच सवय." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

तिनं त्या पेनावर हात ठेवला. बाबांची सवय? मागावरचा माणूस, टाचण केल्याशिवाय एक गाठ मारत नाही. ते आपल्या मनानं कसला क्रम बदलतात! त्यांच्याकडे एक वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची, त्यात बघितल्याशिवाय ते कॉम्प्युटरला हात लावत नसत.

"बाबा, वही कुठाय?"

"घरी राहिली."

वहीचा कोपरा त्यांच्या पिशवीतून बाहेर आलेला होता. तिनं तो धरून वही ओढली. बाबा "राहू दे, राहू दे" म्हणत होते आणि पिशवीचे बंद सोडत नव्हते. पहिल्याच पानावर, त्यांच्या जपून काढलेल्या पेन्सिलच्या अक्षरात, पुस्तिकेतली ओळ उतरवलेली होती. सफाई -n कपाट. ती लाल पेनानं खोडलेली होती. खाली दुसऱ्या अक्षरात, घाईघाईनं: 'सफाई कपाट -n. बाबा, असंच लिहा, लक्षात राहील. चालतं!' 'चालतं'खाली दोन रेघा.

अक्षर तिचं होतं.

तिला तो दिवस आठवला. बाबा क्रम विसरत होते, तिला घरी जायची घाई होती. तुमचं डोकं आधी कपाट शोधतं ना, मग आधी कपाटच लिहा, असं म्हणून तिनं हे खरडलं होतं. माणसानं चौदा वर्षं तिचा शब्द पाळला होता. आणि आज सकाळी चहा पिताना तिनं त्यालाच खोटं पाडलं होतं.

"अस्सं," मॅनेजर वाकून वाचत म्हणाला, आणि त्याचा चेहरा खुलला. "हे तर तुमचं अक्षर दिसतंय."

"माझंच आहे. द्या तो कागद."

तिनं टाइप केलेला मजकूर आडवी रेघ मारून खोडला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. मी हे असं शिकवलं. माझा प्रोग्राम असा लिहिलेला होता, की न पुसण्यासाठी विनवणी करावी लागे. दोन्ही चुका माझ्या. इथवर मॅनेजर मान डोलावत होता. ती थांबली नाही. नव्या मशीनवर प्रोग्राम कुणी तपासून घेतला नाही. नक्ष्यांची दुसरी प्रत काढण्याआधी जुनं मशीन भंगारात देण्याचा हुकूम कुणाच्या सहीचा होता, ते भंगाराच्या पावतीवर कृपया पाहावं. खाली तिनं सही केली, तारीख घातली आणि कागद काचेवरून सरकवला.

मॅनेजरनं तो शेवटपर्यंत वाचला. "एवढं सगळं लिहायची काही गरज नव्हती."

"तुमच्याकडे टाइप करायला वेळ होता, माझ्याकडे लिहायला आहे. ह्याची एक प्रत मला द्या आणि एक वर मालकांकडे पाठवा."

"बघू."

"बघू नका, साहेब. पाठवा. नाहीतर मी स्वतः नेऊन देते."

मॅनेजरनं बाबांकडे पाहिलं, मग पेनाकडे. "तुमच्या सहीचं राहू द्या," तो म्हणाला. एवढंच. माफी वगैरे काही नाही.

कोठीत परतल्यावर तिनं आधी प्रोग्राम दुरुस्त केला. आता काहीच डॅश दिला नाही तर नुसती यादी येणार होती, आणि पुसायचं असेल तर तसं मुद्दाम लिहून सांगावं लागणार होतं. अकरा मिनिटांचं काम होतं. चौदा वर्षांपूर्वीही अकराच मिनिटं लागली असती.

"वही का लपवलीत?" तिनं विचारलं.

बाबा खिडकीपाशी उभे होते. वळले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. बाबांना रागावलेलं तिनं फार तर दोनदा बघितलं असेल.

"तुझं नाव पुढं आलं असतं म्हणून. एवढीही अक्कल नाही तुला? सही करून मोकळा झालो असतो, तीन महिन्यांनी कोण विचारतंय मला? त्या मॅनेजरचा मला राग नाही, त्याला मी कोण? मशीनचाही नाही. पण तू माझी लेक आहेस. सकाळी तीनदा सांगायला तोंड उघडलं. तीनदा तू ते बंद केलंस. निष्काळजी तो म्हणाला ते सोसलं. तू 'विसरलात' म्हणालीस, ते नाही सोसलं."

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

मग बाबांनी कपाटातून, म्हणजे खऱ्या लोखंडी कपाटातून, कापडाच्या नमुन्यांचं जाडजूड बाड काढलं. गिरणीत विणलेल्या प्रत्येक नक्षीचा टीचभर तुकडा त्यात चिकटवलेला असे. त्यांनी पहिला तुकडा दिव्याखाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि सुईच्या टोकानं एक एक धागा वेगळा करत वीण वाचायला घेतली.

"दोनशे चौदा आहेत," ते म्हणाले. "खुर्ची घे. मी मोजतो, तू लिही."

"बाबा, सकाळचं मी..."

"मध्ये बोलू नकोस. पहिली ओळ. चार वर, दोन खाली, एक वर..."

तिनं वही ओढली आणि ते सांगतील तसं लिहीत गेली.