बालविभागातला चौथा खंड

मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. जुने ग्रंथ शांत असतात असं तुम्हांला वाटत असेल, मित्रांनो. मी शांत नाही.

सात भावंडांतला मी चौथा. मनाच्या न दिसणाऱ्या भागाचा शोध घेणाऱ्या एका परदेशी डॉक्टरांचं समग्र लेखन सात खंडांत मराठीत आलं. पुण्यात आमची छपाई झाली, निळ्या कापडाची बांधणी झाली, पाठीवर सोनेरी अक्षरं उमटली : ‘अबोध मन’. जे मनात असतं पण आपलं आपल्यालाच ठाऊक नसतं, ते अबोध.

१९७४ साली आम्ही परंड्याला एका सहकारी संस्थेच्या वाचनालयात आलो. चिटणीस शिवलिंगप्पांनी पाठीवरचा पहिला शब्द वाचला आणि तिथंच थांबले.

“अबोध म्हंजी ज्याला काय कळत न्हाय ते. लेकरं की! टाका बालविभागात.”

शिपाई ज्ञानोबा म्हणाला, “आप्पा, एकेक वीट हाय. लेकरांला उचलंल का?”

“उचलू नये म्हणूनच कुलूप हाय.”

हसू नका. त्या कपाटाला कायम कुलूप असे, कारण मुलं पानं फाडतात. ससे-कोल्ह्यांच्या गोष्टींशेजारी आम्ही उभे राहिलो. तपासणीच्या दिवशी कपाट उघडत, आमच्यावरून फडकं फिरवत, साहेब ‘वा!’ म्हणत आणि पुन्हा कुलूप.

पुढच्याच वर्षी मच्छिंद्र गुरुजी आले. ते शाळेत नुकतेच लागले होते. त्यांची आई लक्ष्मीबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दरड कोसळून गेली. शेजारीच बसलेली तिची धाकटी बहीण कस्तुराबाई वाचली, पण त्या दिवसापासून तिचा आवाज गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी घसा तपासला. घशात बिघाड नाही, हे मनाचं आहे, अबोध मनावरचं काही मिळालं तर वाचा, असं ते म्हणाले होते.

“आप्पा, अबोध मनावरचं एखादं पुस्तक हाय का?”

शिवलिंगप्पांनी वहीत ‘मानसशास्त्र’ हे पान काढलं. कोरं होतं.

“तसलं न्हाय आपल्याकडं, गुरुजी.”

हे सांगताना ते माझ्याच कपाटाला पाठ टेकून बसले होते. मला हात असते तर मी आतून पत्रा बडवला असता. माझ्या दोनशे बाराव्या पानावर अशाच एका बाईची हकीकत आहे : घसा चांगला, आवाज बंद. डॉक्टर लिहितात, तिला बोल म्हणून दटावू नका. काय सांगायचं राहून गेलं ते विचारा, आणि ऐका.

नऊ वर्षं गेली. गावानं कस्तुराबाईचं नाव ‘मुकी’ पाडलं. “बोल की गं, का जीभ माहेरी ठिवली?” पाणवठ्यावर बाया हसत.

१९८४ साली गुरुजी शाळेसाठी गोष्टींची पुस्तकं न्यायला आले. मुख्याध्यापकांची चिठ्ठी होती, म्हणून कुलूप निघालं. गुरुजींनी माझी पाठ वाचली. मग शिवलिंगप्पांकडं बघितलं.

“आप्पा, हे एकदा तरी उघडून बघितलं व्हतं का?”

शिवलिंगप्पा चष्मा पुसत राहिले.

छापखान्यात कापायची राहिल्यानं माझी कितीतरी पानं कडेला जोडलेलीच होती. गुरुजींनी घरी नेऊन ती पट्टीनं सोडवली. तीन दिवस वाचलं. रविवारी सकाळी कस्तुराबाई सुपात ज्वारी निवडत होती. ते जवळ बसले.

“मावशे, त्या दिवशी तू काय बघितलंस?”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिचे हात थांबले. आधी नुसती घरघर आली, मग शब्द.

“दरड हलल्याली म्या बघितली व्हती. मुकादम म्हनला व्हता, तोंड उघडलं तर हजेरी कापीन. म्या वरडले न्हाय. तुझी आय गेली.”

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. तरी त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“आनखी सांग,” ते म्हणाले.

ती दुपारपर्यंत बोलत होती.

मित्रांनो, पुस्तकं जपा असं तुम्हांला सगळेच सांगतात. मी सांगतो, फाटलेलं पान चिकटवता येतं. कस्तुराबाईची ही वर्षं कोण चिकटवणार?

शिवलिंगप्पांनी आता मला ‘मानसशास्त्र’ या पानावर नोंदवलं आहे. कपाट बदललं. कुलूप तेच आहे. किल्ली मागायला कोण येतंय?