नमुना क्रमांक तेवीस

घाटकोपरच्या भटवाडीतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर धुपाचे लोट, मागे 'नाद-धातू संशोधन साधना' असा फलक, आणि मधोमध डॉ. रामनाथजी. भगव्या कफनीवर पांढरा डॉक्टरी कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप, दोन्ही एकदमच. देव पावला नाही तर डॉक्टर पावेल, अशी सोय.

"मॅनेजमेंट, मेडिसिन, म्युझिक आणि मेटल!" रामनाथजी गरजले. "विद्यापीठांनी या चार भावांना चार खोल्यांत कोंडलं. मी भिंती पाडल्या! वीस वर्षं संशोधन केलं! चार एम, भगिनींनो आणि बंधूंनो, आणि त्यांना जोडणारा पाचवा कोण?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी!"

टाळ्यांनी छत दणाणलं.

मग त्यांनी एक चंदेरी तार सगळ्यांना दाखवली. ती बोटांत चुरगाळून तिचा सुपारीएवढा गोळा केला. शिष्येने तंबोरा छेडला. रामनाथजींनी डोळे मिटून भूप आळवला आणि तो गोळा समोरच्या तांब्याच्या घंगाळात सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग तो गोळा हलला, वळवळला, उलगडत गेला. चिमट्याने बाहेर काढला तेव्हा तारेचा ॐ झाला होता. चंद्रबिंदू नव्हता, पण ॐ होता. बायकांनी पदर पुढे केले, पुरुषांनी हात जोडले.

"निर्जीव तारेला सूर ऐकून आपलं मूळ रूप आठवतं, तर तुमच्या शरीराला का नाही आठवणार? दमा, बीपी, शुगर, सगळं मूळ रूपात येईल! सुया, गोळ्या सोडा, हे नादकडं मनगटात घाला!"

नलिनी तेंडोलकर सभागृहाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. चमत्कार तिने यापूर्वीही पाहिले होते. गल्लीबोळात मिळतात ते. पण आज तिच्या डोळ्यांसमोर तिची भाची होती. चौदा वर्षांची जया तिसऱ्या रांगेत बापाला रेलून बसली होती, ओठ सुकलेले, मांडीवर पाण्याची बाटली, ती घडीघडी तोंडाला लावत होती.

जयाला सहाव्या वर्षापासून मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, गार करायची, टोचायची. आठ वर्षं घरात हेच चाललं होतं. नलिनी मुलुंडला राहायची. रविवारचं भावाकडे जेवायला आली, तर दाराला कुलूप. शेजारच्या अंजनाबाईंकडून चावी घेऊन आत गेली, सवयीने सिरिंजचा स्टीलचा डबा उघडला, आणि आत पानसुपारी निघाली.

"गुरुवारपासून सुई बंद हाय पोरीची," अंजनाबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या. "बाबांचा नाद लागलाय ना आता. कार्यालयात गेलीत दोघं."

नाद लागलाय! नलिनी तशीच धावत इथे आली होती. गर्दीतून वाट काढत ती भावापाशी पोचली. जयाच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता.

"जयवंत, ऊठ. हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं."

"ताई, तू गप रव," जयवंत दबक्या आवाजात म्हणाला. गिरणी बंद पडल्यापासून तो कांजूरला एका गोदामात राबत होता; रागावला की अजून कुडाळचा व्हायचा. "माज्या चेडवाच्या मांड्यो बघलंस? सुये टोचून चाळण झाली हा. माका काय हौस हा?"

"आत्या, मला नको गं सुई," जया पुटपुटली. "थोडे दिवस त्रास होतो म्हणालेत. विष बाहेर पडतंय."

नलिनी तिला ओढून उठवू लागली तशी पाच-सहा माणसं वळून खेकसली. "ओ बाई, बसा ना खाली!" बापाच्या मनाविरुद्ध पोरीला इथून हलवणं शक्य नव्हतं. आधी बापाच्या डोळ्यांवरची झापडं काढायला हवी होती, आणि तीही लवकर.

तेवढ्यात 'संशोधनाचा पुरावा' वाटायला आला. रामनाथजींनी झेरॉक्सची थप्पी उचलली, अंगठा जिभेला लावला, आणि थप्पी टेबलावर ठोकली. दोनदा उभी, एकदा आडवी. टक टक, टक.

नलिनीची नजर तिथेच थिजली. कागद असा कोण ठोकतं? साधूही नाही, डॉक्टरही नाही. असा कागद फक्त बाइंडर ठोकतो.

नलिनीचा धंदा टायपिंगचा. पण पत्रं, अर्ज असली किरकोळ कामं नव्हेत. ती पीएच.डी.चे प्रबंध टाईप करायची. पवईपासून ठाण्यापर्यंतचे संशोधक हस्तलिखितांची गाठोडी घेऊन तिच्याकडे यायचे. मूळ प्रत आणि चार कार्बन. कापडबाजाराच्या उलाढालीवरचा प्रबंध, क्षयाच्या औषधावरचा प्रबंध, रागसंगीतावरचा, धातूंवरचा. सगळे तिच्या दहा बोटांखालून गेलेले. आणि टाईप झालेले गठ्ठे न्यायला बाइंडरकडचा माणूस यायचा. रामनाथ! तेव्हा दाढी नव्हती. नाव बदलायचीही तसदी घेतली नव्हती बेट्याने. पुढे 'डॉ.' आणि मागे 'जी' चिकटवलं होतं. चिकटवण्याचीच सवय ना!

हातात आलेला झेरॉक्स तिने पाहिला. टाईप तिच्याच मशीनचा होता. छोटा 't' ओळीच्या वर उडी मारलेला, तीन वर्षं दुरुस्त न केलेला. चाळीस रोग्यांचा तक्ता. उपचाराआधीची शुगर २१२, नंतर ९४. २०६, नंतर ९१. सगळेच्या सगळे बरे. फक्त तेविसाव्या क्रमांकापुढे आकडे नव्हते, तीन शब्द होते. ते वाचून तिला हसू आलं आणि त्याच हसण्याची किळस वाटली.

"संशोधक प्रश्नांना भीत नाही!" रामनाथजी म्हणत होते. "आहे कुणाला शंका?"

"मला आहे," नलिनी म्हणाली आणि सरळ व्यासपीठावर चढली.

रामनाथजींनी तिला पाहिलं. हसू तसंच राहिलं, फक्त दाढीच्या वर गालांचा रंग उतरला.

"तीच तार, तोच राग, तेच घंगाळ," नलिनी म्हणाली. "फक्त पाणी माठातलं घ्या."

"भगिनी, गार पाण्यात नाद गोठतो..."

"नाद गोठतो? मग पुण्यवान लोक थंडीत भजन कसं करतात हो?"

लोक हसले. पुढच्या रांगेतून एक टोपीवाले आजोबा उठले. हे अंबादास मास्तर, कार्यालयाचे सेक्रेटरी; कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. "करून दाखवा ना डॉक्टरसाहेब. खऱ्याला कसली भीती? होऊन जाऊ दे." असं म्हणून त्यांनी स्वतःच घंगाळ उचललं, आणि "अगाई!" करून खाली ठेवलं. पाणी चांगलंच कढत होतं. धुपाच्या धुरात वाफ कुणाच्या लक्षात आली नव्हती.

माठातलं पाणी आलं. तारेचा पुन्हा गोळा झाला. रामनाथजी गायले. भूप गायले, मग घाम पुसून पुन्हा भूप गायले. गोळा तळाशी गोळाच राहिला.

"सूर लागला नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरं. आता सूरच नको," नलिनी म्हणाली. "तंबोरा खाली ठेव गं. मास्तर, बाहेरच्या किटलीतला चहा मागवा. उकळता."

चहा आला. तिने गोळा चिमट्याने उचलून ग्लासात टाकला. कुणी गात नव्हतं, कुणी डोळे मिटले नव्हते. गोळा वळवळला, उलगडला, आणि दुधाळ चहातून निथळत ॐ बाहेर आला.

"चहाने कुठला राग आळवला, डॉक्टर?"

आता हशा वेगळा होता.

"मी दहावी पास आहे," नलिनी लोकांना म्हणाली. "पण वीस-पंचवीस प्रबंध टाईप केले. कापडबाजाराचा असो की औषधाचा, प्रत्येकात एक वाक्य असतंच: इतर सर्व गोष्टी समान ठेवून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. सूर ठेवला, उष्णता काढली. तार हलली नाही. सूर काढला, उष्णता ठेवली, तार उलगडली. ही आठवण ठेवणारी मिश्र धातूची तार आहे. एका आकारात तापवून बसवली की गरम पाण्यात तोच आकार पुन्हा घेते. पवईच्या सहदेव नावाच्या संशोधकाने तीन वर्षांपूर्वी माझ्याच चहात टाकून दाखवली होती. प्रबंधाच्या प्रत्येक प्रतीला मागे पाकीट चिकटवून त्यात एक तार ठेवायची होती. पाकिटं चिकटवायला कोण होता? हा रामनाथ. बाइंडर!"

"खोटं! माझं संशोधन इथे आहे!" रामनाथजी ओरडले आणि त्यांनी चौरंगाकडे हात केला. चौरंगावर लाल कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड प्रबंध होता, हळदीकुंकवाने माखलेला. महिनाभर लोक त्याला वाकून नमस्कार करत होते. उघडला कुणीच नव्हता.

"शुगर कमी झाली ती?" जयवंत रांगेतून ओरडला. "चाळीस माणसांची लिहिली हा! ती काय चाय पिऊन झाली?"

नलिनीने प्रबंध उचलला. "बाई, शिवू नका!" कुणी किंचाळलं. तिने तो फटाफट उलटला. एक प्रकरण व्यापाराचं, एक औषधाचं, एक धातूंचं. चार बिचाऱ्यांच्या कष्टाची पानं उसवून एकत्र शिवलेली. संगीताच्या प्रकरणाचं शेवटचं पान तर फाडलेलं होतं. ते मृणालिनी नावाच्या बाईंचं. राग ऐकून झोप सुधारते का, हे त्यांनी दोन वर्षं तपासलं आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं की फरक आढळला नाही, माझा अंदाज चुकला. तेवढंच पान रामनाथला अडचणीचं होतं.

तक्ता सापडला. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर, टायपिंगची चूक झाकायला वापरतात त्या पांढऱ्या शाईचा थर, वर 'पेशंट' टाईप केलेलं. नलिनीने नखाने खरवडलं. शाईची पापडी निघाली. खाली तिचाच टाईप.

"मास्तर, वाचा."

अंबादास मास्तरांनी चष्मा लावला. "स्पेसिमेन. म्हणजे नमुना."

"सहदेवच्या प्रबंधातले पितळेचे तुकडे आहेत हे, जयवंत. तापवण्याआधीचा कडकपणा आणि तापवल्यानंतरचा. माणूस नाहीच यात. मास्तर, आता तेवीस नंबर. मोठ्याने."

"ब्रोकन बिफोर टेस्टिंग." मास्तर थांबले. मग मराठीत, प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चाचणीपूर्वी तुटला."

"कुठला पेशंट चाचणीपूर्वी तुटतो रे?" नलिनी भावाकडे बघून म्हणाली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत बाटली पडून पाणी सांडलं. जया बापाच्या खांद्यावरून घसरली, ओकली आणि जमिनीवर आडवी झाली. श्वास खोल आणि भरभर चालला होता.

जयाच्या मनगटातलं नादकडं जयवंतने कसं काढून फेकलं ते त्यालाही आठवत नाही. पोरीला उचलून तो पळाला. ज्यांनी नलिनीला खाली बसा म्हणून दटावलं होतं त्यांनीच रिक्षा अडवली. व्यासपीठावरून कफनी सावरत मागच्या दाराने निघालेल्या रामनाथला मास्तरांनी कोटाला धरून बसवलं आणि पोलिसांना फोन केला. इस्पितळात सलाईन लागलं, इन्शुलिन लागलं. तिथली डॉक्टर फार बोलली नाही. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर आणायची गरज पडली नसती," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी जया उठून बसली. जयवंत पलंगाच्या पायथ्याशी बसून होता. "ताई, इतकी माणसां हात जोडून होती. माका वाटला, सगळी काय येडी आसतील?"

"सगळ्यांना तेच वाटत होतं," नलिनी म्हणाली.

तिला राग एकट्या रामनाथचा नव्हता. गर्दीत शिकलेले होते, बँकेतले होते, दोन शिक्षकसुद्धा होते. 'संशोधन' हा शब्द ऐकला आणि त्यांनी तो अंगाऱ्यासारखा कपाळी लावला. स्वतःचीही तिला शिसारी आली. चुकलेली पानं, जादा कार्बन ती त्याच माणसाच्या हाती बिनधास्त द्यायची.

"आत्या," जयाने विचारलं, "तेविसावा तुकडा तुटला हे त्या सहदेवकाकांनी लिहिलं कशाला? गाळायचं ना."

"कारण ते खरं संशोधन होतं. खऱ्या संशोधनात तुटलेलाही लिहितात." नलिनीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "खोट्यात त्याच्यावर पांढरी शाई फासतात. तू त्या दिवशी तिथेच राहिली असतीस, तर तुझ्यावरही फासली असती."

जयाने दंड पुढे केला. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली होती.

वाचकहो, पुढचा रामनाथ कफनीत येईल किंवा सुटात येईल. मंत्र म्हणेल किंवा इंग्रजी आकडे दाखवेल. त्याने आणलेल्या ग्रंथाला हळदकुंकू वाहू नका, तो उघडा. पाणी गार करून बघा. किती बरे झाले हे तो सांगेलच. किती तुटले ते तुम्ही विचारा. आणि कुठे पांढरी शाई दिसली, तर लाजू नका. नख लावा.