दुर्बीणने पास केलेली रोपं

तिने दोन कुंड्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हात पुसत विचारलं, "दादा, यातली आजारी कुठली?"

"आता म्हातारपणी परीक्षा घेतेस होय गं, चिंगे?"

दादाने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि तो कमरेत वाकला. दोन्ही कुंड्यांत गव्हाची वीतभर रोपं होती. त्याने आधी डावीकडची पानं अंगठ्याखालून सरकवली, मग उजवीकडची, मग पुन्हा डावीकडची. पूर्वी या कामासाठी त्याला वाकावंही लागत नसे. रोपं वाढवायच्या जाळीघराच्या दारात उभा राहून तो शेवटच्या रांगेतलं एखादं पिवळट रोप बोटाने दाखवायचा. म्हणून तर सगळं संशोधन केंद्र त्याला दुर्बीण म्हणायचं.

"डावी," तो म्हणाला.

आजारी उजवी होती. तिच्या पानांवरच्या पिवळ्या रेघा कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसल्या असत्या.

"बरोबर," ती म्हणाली आणि दोन्ही कुंड्या उचलून भराभर बाहेर पडली.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर चाळीस शेतांतल्या पानांचे निकाल पडले होते. गव्हावर अशा रेघा आणणारा विषाणू तसा जुनाच. डोळ्यांना न दिसणारे, कोळी नावाचे बारीक किडे वाऱ्यावर तरंगत त्याला या शेतातून त्या शेतात नेतात. पण हा विषाणू स्वस्थ बसणारा नव्हे. दर हंगामात त्याच्या जनुकांच्या लांबलचक मजकुरात इथे एक, तिथे एक अक्षर बदलत जातं, आणि त्या बदलांवरून कोण कोणाच्या घराण्यातलं ते ओळखता येतं. एकतीस शेतांतले विषाणू गेल्या वीस वर्षांत चांगलेच बदलले होते. उरलेल्या नऊ शेतांतले मात्र अगदी जुन्या वळणाचे निघाले. एकमेकांची सख्खी भावंडं, आणि मूळ जुन्या विषाणूपासून फरक जेमतेम दोन-तीन अक्षरांचा. वीस वर्षं रानोमाळ भटकलेला विषाणू इतका कोरा राहूच शकत नाही. तो इतकी वर्षं कुठेतरी थंडीत झोपून होता, आणि तसा झोपलेला विषाणू आसपास एकाच ठिकाणी होता. तिच्याच प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरमध्ये.

गव्हाची नवी जात रोगाला किती दाद देते हे पाहायला दरवर्षी तो बाहेर काढत. त्याचा रस कोवळ्या रोपांना चोळायचा आणि तीन आठवडे वाट पाहायची. रेघा आल्या ती रोपं जाळायची, हिरवी राहिली ती बाहेरच्या वाफ्यात लावायची. ही निवड दादा करायचा. नियमाप्रमाणे निवडलेल्या प्रत्येक रोपाचं पान पुन्हा प्रयोगशाळेत तपासायला हवं होतं, पण यंत्र चुकेल, दुर्बीण चुकणार नाही, याबद्दल केंद्रात कोणाचं दुमत नव्हतं. ट्रेवर खडूने 'दु. पास' असं लिहून आलं, की चाचणीच्या रकान्यात ती आडवी रेघ ओढून खाली सही करायची. प्रयोगशाळेची प्रमुख झाल्यापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. आणि ती नऊही शेतं बाहेरच्या वाफ्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत होती.

तेवढ्यात संचालकांचा फोन आला.

"अहवाल आजच द्या. नऊ शेतं उपटून टाकावी लागणार आहेत, लोकांना काय तोंड दाखवायचं आपण? कोणाच्या हातून झालं ते स्पष्ट लिहा. जो कोणी असेल, त्याने उद्यापासून जाळीघरात पाऊल ठेवायचं नाही."

तिने फोन ठेवला. दादाच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. सतराव्या वर्षी तो इथे रोपांना पाणी घालायला लागला, तेव्हा ती तीन वर्षांची होती. आई गेल्यावर तिच्या वेड्यावाकड्या वेण्या त्याने घातल्या, शाळेत पालकांच्या जागी सही त्याने केली, आणि इथल्या एका साहेबांच्या मागे लागून तिला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पान दाखवलं तेही त्यानेच. लग्न केलं नाही, दुसरा छंद लावून घेतला नाही. जाळीघर सुटलं तर हा माणूस सकाळी उठून जाईल कुठे, हे काही केल्या तिला सुचेना.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन जाळीघरात गेली. दादा पाण्याचा पाइप गुंडाळत होता.

"झाला अहवाल? वाच बघू," असं म्हणून तो उपड्या बादलीवर बसला.

ती उभ्यानेच वाचू लागली. शेतं, वारा, कोळी, अक्षरांमधले फरक. दादा मान डोलावत ऐकत होता. शेवटचा परिच्छेद आला.

"'निवडलेल्या रोपांची प्रयोगशाळेत चाचणी झाली नाही. ती वगळण्याचा निर्णय माझा होता. सर्वस्वी जबाबदारी माझी आहे.' संपलं."

"आणि मी?"

"तुझा काय संबंध?"

दादा हसला. "लहानपणी मला गोष्टी वाचून दाखवायचीस. राक्षस आला की ते पानच गाळायचीस, आणि गाळण्याआधी हा एवढा मोठा श्वास घ्यायचीस. आत्ताही घेतलास. सकाळी 'बरोबर' म्हणालीस तेव्हाही घेतलास."

तिने लॅपटॉप बाकावर ठेवला.

"कधीपासून?"

"गेल्या हंगामापासून. पिवळं म्हणून काही दिसतच नाही बघ. सगळं हिरवंगार. इतकं झकास पीक मी जन्मात पाहिलं नव्हतं."

"चेष्टा पुरे, दादा! मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. तीनदा म्हणालो, या ट्रेवर तूही एकदा नजर टाक. तू म्हणालीस, 'तू बघितलंस ना, मग झालं.'" त्याने पाइपचं टोक हातात घेतलं. "चौथ्यांदा नाही म्हणालो. ते माझं चुकलं. तू न बघता सही करायचीस ना, ते फार बरं वाटायचं गं."

तिन्ही वेळा तिला लख्ख आठवल्या. एकदा तर ती फोनवर बोलत होती आणि तिने नुसताच हात हलवला होता. तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलंही नाही. दादाने खिशातला रुमाल काढून दिला. त्याला मातीचा वास येत होता.

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," नाक पुसत ती म्हणाली. "नाही म्हणायचं नाही."

"जाऊ. पण आधी माझं नाव घाल त्यात."

"ते तुला इथे पाय ठेवू देणार नाहीत."

"नाही तर नाही. अगं, एकेचाळीस वर्षं झाली. इथून किती जाती निघाल्या, किती जाडजूड पुस्तकं छापली, तुझेही निबंध आले. एकाही कागदावर माझं नाव नाही. आता कुठे एकावर येतंय, तर तू तेही गाळतेस?"

बोलणं थट्टेचंच होतं, पण बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. पाइपचं घट्ट बसलेलं टोक उगाचच पिळत होता. आपल्या प्रत्येक निबंधाच्या शेवटी तिने 'जाळीघरातील कर्मचाऱ्यांचे आभार' मानले होते. त्याहून जास्त काही लिहायचं असतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि आता तिला त्याची मनापासून लाज वाटली.

ती जमिनीवरच बसली आणि शेवटचा परिच्छेद तिने नव्याने लिहिला. त्याची चूक होती तेवढी त्याची, तिची होती तेवढी तिची. मग पहिल्यापासून सगळं मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच पानावर दादाने हात वर केला.

"ते काय म्हणालीस? पुन्हा वाच."

"'विषाणूचा हा मूळ नमुना वीस वर्षांपूर्वी तत्कालीन विभागप्रमुखांनी शोधला.'"

"त्यांनी नाही शोधला. ते रजेवर होते."

"मग कोणी शोधला?"

"जाऊ दे, त्याला आता वीस वर्षं झाली."

"दादा, कोणी?"

"त्या दारातून दिसलं मला. चौथ्या रांगेत होतं, एकच रोप. पान तोडून फ्रीजमध्ये ठेवलं, साहेब आल्यावर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाकिटावर आपलं नाव लिहिलं. त्यांचाच फ्रीज, लिहिणारच की."

तिने ते वाक्य पुसून टाकलं. "तुझं पूर्ण नाव सांग."

"तुला माहीत नाही?"

"तू सांग. मी लिहिते."

दादा बादलीवरून उठला. हात सदऱ्याला पुसून त्याने स्वतःचं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव, शाळेत हजेरीला सांगतात तसं खणखणीत. तिने ते दुसऱ्या पानावर लिहिलं. मग शेवटच्या पानावर लिहिलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"थांब," ती म्हणाली, "अजून एका ठिकाणी राहिलंय," आणि ती वर, पहिल्या पानावर गेली, जिथे शीर्षकाखाली तिचं एकटीचंच नाव होतं.