कापशाचं दुसरं जेवण

आमच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून शिरते. गल्लीत आमच्या हिला फिनेलबाई म्हणतात. मी फक्त मनात म्हणतो. अशा घरात भाची आपला ससा ठेवून परीक्षेला गेली. "मावशी, कापशाला काही झालं तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!"

दुसऱ्याच पहाटे हिने अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या घड्याळाचे काटे उलटे फिरले. कापशा वाकून, स्वतःच्याच बुडाला तोंड लावून काहीतरी मटकावत होता.

"अहो, शी! आपलीच घाण खातोय मेला!"

हिने पुठ्ठा कापून त्याच्या गळ्यात रुंद पट्टी अडकवली. तोंड मागे वळायचं बंद.

हळूहळू ससा खंगला. पुढ्यात गवत तसंच, हा कोपऱ्यात मुटकुळं करून. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. भाची उद्या यायची. ही पिंजरा पुसता पुसता मधेच थांबायची.

"अहो, श्वास चाललाय ना?"

"चाललाय."

"तुम्ही नीट बघितलंच नाही!"

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी आधी पट्टी ओरबाडून काढली.

"मावशी, गवत एका फेरीत पचत नाही. गाय ते परत तोंडात आणून चघळते. सशाचं गवत आतड्याच्या मोठ्या पिशवीत आंबतं, आणि त्याचा कस मऊ गोळ्यांतून बाहेर पडतो. त्या परत खाल्ल्या तरच अंगी लागतो. लेंड्या वेगळ्या, त्या तो खात नाही. तुम्ही त्याचं अर्धं ताट ओढून घेतलंत."

"आता हो?" हिने पट्टी पाठीमागे लपवली.

"चारा वाटून, पातळ करून भरवत राहा. पोट चालू होऊन त्याने आपणहून गोळी खाल्ली, तर वाचला समजा."

पहाटे ही फरशीवर पालथी, गाल पिंजऱ्याला टेकलेला. फडकं कुठे पडलं होतं, तिलाच ठाऊक नव्हतं.

"खा रे राजा. लाज वाटते का? हे बघ, मिटले डोळे. अहो, तुम्हीही मिटा!"

मिटले. मग पेंढा खसखसला. बारीक मचमच आवाज आला.

तेवढ्यात दाराशी भाची. "मावशी! कापशा कुठंय?"

हिने डोळे पुसले, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गं. जेवतोय तो."