लाटेकडे पाठ

अट मीच घातली होती, आणि तीही बिहीच्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत. "जुम्म्याच्या आत मला त्या फळीवर उभं करून दाखव," मी तुदाला म्हणालो, "मग करतो तुझ्या कागदावर सही." बिहीने तो कागद लगेच साखरेच्या डब्याखाली जपून ठेवला.

तुदा माझी मुलगी, सतरा वर्षांची. इथे मोरोक्कोत, इमसुआनच्या खाडीत, पाहुण्यांना सर्फिंग शिकवणाऱ्यांच्या हाताखाली काम करते. वर्षभर अगादीर शहरात राहून पक्की शिक्षिका व्हायचं तिने मनात घेतलं होतं, आणि बापाच्या सहीशिवाय तिला तिथे कोणी घेणार नव्हतं. मला ती जायला नको होती, एवढंच. कारणं मात्र मी रोज नवी सांगायचो.

पहिल्याच दिवशी मी रबरी सूट उलटा चढवला, चेन छातीवर.

"बाबा, शिवलेलं वांगं दिसताय."

"वांगं तर वांगं. चल, बुडव."

पण खरी गंमत पाण्यात झाली. तीस वर्षं मी होडी हाकतोय. लाट आली की होडीचं तोंड तिच्याकडे करायचं, तिला पाठ दाखवली की ती होडी पालथी घालते, हे माझ्या बापाने मला थोबाडीत देऊन शिकवलं होतं. इथे उलटंच! फळीवर पालथं पडायचं, तोंड किनाऱ्याकडे, आणि लाट मागून येऊ द्यायची. तुदा ओरडायची, "आता!" आणि माझे हात आपोआप फळी गर्रकन फिरवायचे. मी लाटेला सलाम ठोकून पलीकडे, लाट माझ्याविना किनाऱ्यावर. त्याच लाटेवर एक डच आजीबाई उभ्या राहून मला टाटा करत गेल्या.

चार दिवस हेच. गुरुवारी दुपारी तुदाच्या संयमाचा बांध फुटला.

"तुम्ही मुद्दाम करताय! तुम्हाला मला पाठवायचंच नाही!"

माझं डोकं सणकलं. "पाठवायचं नाही, हे खरं! पण मुद्दाम नाही करत. हात ऐकत नाहीत माझे, काय कापून टाकू?"

ती छातीभर पाण्यातून माझ्यामागे आली आणि फळीचं शेपूट धरलं.

"मागे मी बघते. तुम्ही किनारा बघा."

"नीट बघ."

"बघते."

"मोठी आली तर?"

"बाबा, गप्प!"

पाठीमागे समुद्र गुरगुरत होता. हात फळी फिरवायला शिवशिवले. मी दात आवळून बिहीच्या टपरीवर नजर लावली. तुदाने ढकललं. फळी एकदम हलकी झाली आणि मी उभा! कसा, ते अल्लाला ठाऊक. ढुंगण मागे, हात हवेत, पण उभा! आमच्या खाडीची लाट लांबलचक, संपेचना. "बिही! अरे बिही!" मी बोंबलत होतो. बंदरातल्या होड्या दिसल्या, त्यांनाही नावानिशी हाका मारल्या. शेवटी वाळूत तोंडावर आपटलो, नाकातून खारं पाणी, आणि हसून हसून उचकी लागलेली.

तुदा धावत आली. "उभे राहिलात! बाबा, उभे राहिलात!"

"ही लाट मोजू नकोस," मी म्हणालो. "तू ढकललंस. पुन्हा एकदा."

तिचा चेहरा पडला. आणि मला कळलं, पाच दिवसांत पहिल्यांदा मी खरी लबाडी करत होतो. ती उद्याही माझ्यामागे उभी हवी होती, परवाही, वर्षभर. लाज वाटली, आणि हसूही थांबेना.

"बिही! कागद आण! पेन आण!"

तो पायजमा वर खोचून पाण्यातच आला. मी फळी पालथी करून कागद तिच्यावर ठेवला आणि सही ठोकली. कोपरावरून पाणी ठिबकलं, शाई जराशी पसरली, पण नाव वाचता येत होतं.

"एवढी काय घाई होती?" तुदा नाक पुसत म्हणाली.

"आणखी एक लाट घेतली असती," मी म्हणालो, "तर सही केली नसती."