हसण्यावर बंदी

माझा नवरा नाटकात विनोदी कामं करतो. तो नुसता विंगेतून डोकावला तरी लोक हसायला लागतात. असा माणूस कित्येक महिने घरात तोंडाला कुलूप लावून बसला होता, आणि त्याला कारण माझं पोट होतं.

मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात आमचं बाळ गेलं. आदल्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसून त्याचं नाटक पाहिलं होतं आणि हसून हसून खुर्चीतून खाली यायची बाकी होते. या दोन गोष्टींची गाठ त्याने मनात मारून घेतली. मला मात्र त्यातलं अवाक्षरही बोलला नाही; ते मला फार पुढे कळलं. या वेळी दिवस राहिल्याचं कळलं आणि 'जपायला हवं' एवढंच सांगून घरात हसण्यावर बंदी आली.

सासूबाई त्याला सामील. रेडिओ माळ्यावर गेला. शेजारीण फार गमतीचं बोलते म्हणून तिला त्या दारातूनच वाटेला लावू लागल्या. जेवताना नवरा मला पेपरातले सिमेंटचे भाव वाचून दाखवायचा. ज्याच्या भुवयासुद्धा जन्मजात विनोदी, त्याने गंभीर चेहऱ्याने सिमेंटचे भाव वाचल्यावर काय होणार? मी ओठ चावत ताटात बघायचे. इतकं झकास काम त्याने रंगमंचावरही केलं नव्हतं, आणि मला हसायची चोरी!

रागही यायचा. भीती काय त्याला एकट्यालाच होती? दोघांनी मिळून वाहिली असती तर हलकी झाली असती. पण हा आपला एकटाच ओझं घेऊन कोपऱ्यात उभा.

आठवा महिना लागला. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना पोट एकदम कडक झालं, मग हळूहळू सैल पडलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मी त्याला फोन केला. त्याची रंगीत तालीम चालू होती. तो तसाच धावत दवाखान्यात आला, अंगात जमीनदाराचा कोट आणि ओठावर अर्धी सुटलेली मिशी.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासलं. "सगळं ठीक आहे. अधूनमधून असं होतंच."

तेव्हा त्याने खाली बघत विचारलं, "डॉक्टर, मागच्या वेळी मी हिला फार हसवलं होतं. त्यानेच झालं ना ते?"

मिशी त्याच्या ओठावर लोंबत होती. मला एवढंसुद्धा हसू आलं नाही. इतके दिवस हा माणूस हे उराशी धरून हिंडत होता आणि मला पत्ता नव्हता.

"हसण्याने बाळं जायला लागली असती तर तुमची नाटकं सरकारने केव्हाच बंद पाडली असती," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "मागच्या वेळी का झालं ते नेमकं सांगता येत नाही. पण हसण्याने नाही, एवढं नक्की. तुमचं काही चुकलं नाही. हिचंही नाही."

त्याचा विश्वास बसेना. मग बाईंनी समजावलं. "गर्भाची पिशवी म्हणजे मोठा स्नायूच. पण गरोदरपणात एक संप्रेरक तिला शांत ठेवतं. स्नायूच्या पेशींचं एकमेकींशी बोलणं जवळजवळ बंद असतं. एखादा कोपरा आवळला तरी लांबच्या कोपऱ्याला खबर नाही. पोट थोडं कडक होतं आणि सैल पडतं. दिवस भरत आले की पेशींमध्ये जोडण्या तयार होतात. मग एकीची हाक सगळ्यांना पोचते आणि सगळ्या मिळून जोर लावतात. त्या खऱ्या कळा."

नवऱ्याने मान वर केली. "म्हणजे दुपारचा पडेल खेळ! लोक लांब लांब बसलेले. एक इथे हसतो, एक तिथे, पण हशा काही उसळत नाही. तेच खांद्याला खांदा लागला की एकाचं हसू सगळ्या थिएटरला लागतं."

"अगदी तसंच. हिचं थिएटर अजून भरलेलं नाही. मात्र ठराविक वेळाने कळा यायला लागल्या, पाणी किंवा रक्त गेलं, तर एक क्षण थांबू नका."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना समजावून सांगताना हा हळूहळू रंगात आला. एक पेशी आवळून शेजारणीला हाका मारते आणि शेजारीण ढाराढूर झोपलेली. दोन्ही पेशी हाच. घोरणाऱ्या पेशीने कूस बदलली आणि मी खो खो हसले. कित्येक महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते.

आणि पोट कडक झालं.

तो एक पाय वर असतानाच थिजला. सासूबाईंनी खुर्ची धरली. मी त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. मग त्याच्या तळव्याखाली पोट हळूहळू मऊ पडलं. आतून बाळाने एक लाथही मारली.

नवरा माझ्या मांडीत तोंड खुपसून रडला. मागच्या वेळी रडला नव्हता, तेवढं सगळं रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "पुरे आता. पुढचं करून दाखव. उठली की नाही ती शेजारीण?"

"झोपू दे गं आई तिला," तो नाक पुसत म्हणाला. "वेळ आहे अजून."